मे महिन्यात थंडीची कविता

पंखा फिरतोय, वारा मात्र
कालचाच परत करतोय.
फरशीवर ओला पंचा अंथरून मी पालथी पडलेय
आणि थंडीची कविता वाचतेय.

पुस्तक वाचनालयाचं. पहिली पानं गेलेली,
त्यामुळे कवी कोण, कुठल्या गावचा, काही कळत नाही.
एवढंच कळतं की त्याच्या दारात
गुडघाभर बर्फ पडायचा
आणि गोठलेलं कुलूप त्याची आई
तोंडाची वाफ देऊन मोकळं करायची.

मी बर्फ पाहिलाय तो कारखान्यातला,
भुशात गुंडाळून सायकलवरून जाणारा,
साखर पेठेपर्यंत थेंबांची रेघ सोडणारा.
तरी त्या कुलपापाशी आले
आणि दंडावर काटा उभा राहिला.
त्रेचाळीस डिग्रीत. खरंच सांगते.

मग वाचन थांबलं, आमची खोली सुरू झाली.
पहाटेचे चार. पत्र्यावरून ठिबकणारं दव.
अम्मा रात्री भिजवलेली तेंदूची पानं
गोणपाटातून काढायची,
झटकली की पाणी आमच्या तोंडावर.
बोटं वळत नसत, मग हात काखेत धरी,
काढी, दोन विड्या वळी, पुन्हा धरी,
जशी दोन आजारी पिल्लंच.
हजार व्हायलाच हव्यात. थंडीचं कारण
चेकरच्या वहीत बसत नसे.
भेगांत तंबाखू शिरली की ती
तेलुगूत एकच शब्द बोले.
तो मी इथे लिहीत नाही.

चादर होती. नायनाने मागावरून आणलेली,
नापास. मोराची मान एका जागी तुटलेली,
धागा चुकला म्हणे.
पाच जणांत एक मोर.
रात्री यादगिरी ओढून घ्यायचा, पहाटे मी.
मान माझ्याकडे आली की
त्या तुटक्या जागेत बोट घालून झोपायचे.

त्यात काही गोड नव्हतं. हे नीट सांगायला हवं.
थंडी तेव्हा नुसती थंडी होती,
तिला ओळी नव्हत्या.
मग आता ह्या फाटक्या पुस्तकात
तीच चिंचेच्या गोळीसारखी का लागते?
संपू नये म्हणून
मी शेवटचं कडवं गालात का धरून ठेवलंय?
अम्माच्या बोटांवर चैन करतेय का मी?

संध्याकाळी यादगिरीला फोनवर वाचून दाखवली,
जमेल तशी तेलुगूत वळवून.
मागे त्याच्या लूमचा खडखडाट.
म्हणाला, अक्का, बर्फाचं राहू दे,
ते वाफेचं पुन्हा वाच.
वाचलं.
त्याने लूम बंद केला.
‘अम्मा द्यायची की गं वाफ.
कुलपाला नाही, तुझ्या बोटांना.
शाळेत जायच्या आधी, दारात उभी करून.
पेन्सिल धरता यावी म्हणून.’

हे मला आठवत नव्हतं.
ते सगळं आठवत होतं, भेगा, गोणपाट, तो शब्द,
हे नाही.

पुस्तक सोमवारी परत करायचंय. राहू दे,
दिवसाला रुपया दंड आहे, भरेन.
रात्री गच्चीवर पाणी मारलं, अंथरूण टाकलं
आणि ट्रंकेच्या तळातून चादर काढली.
मोर विटलाय. मान अजून तिथेच तुटलेली.
पलीकडच्या गच्चीवरून पुष्पलता ओरडली,
अहो बाई, ह्या उकाड्यात पांघरूण?
ताप आलाय का?

हो म्हटलं.