बारा फटी, तेरा तुळया

लीडा झ्विकर म्हणाल्या, आधी आकडा सांग,
मग हातोडा लाव.
बरोबरच आहे, पेन्शनीत बसवायचाय त्यांना
घरामागचा हा डेक,
सोळा फूट लांब, बारा रुंद,
जिथे त्या संध्याकाळी वाटाणे सोलत बसतात
आणि भरतीला लाहेव नदी
उलटी वर चढताना बघतात.

मी पाठकोऱ्या पाकिटावर मांडतो.
साडेपाच इंची फळी, मध्ये खिळ्याएवढी फट,
पंचवीस फळ्या आणि वर थोडं काहीतरी.
ते थोडं काहीतरी दुकानात मिळत नाही,
म्हणून सव्वीस.
तुळया सोळा-सोळा इंचांवर, तेरा.
स्क्रू, सव्वीस तेरी तीनशे अडतीस,
प्रत्येक ठिकाणी दोन, सहाशे शहात्तर,
म्हणजे सातशेचा डबा,
उरलेले चोवीस गवतात हरवायला.
मग गाठी, चिरा, माझी तिरकी गेलेली करवत,
त्याचे दहा टक्के.
वडील म्हणायचे, आपल्या चुकीचं लाकूड
गिऱ्हाइकाला आधी सांगावं.
मागून सांगितलं तर चोरी वाटते.

खालचं काही वाचतंय का बघायला
कडेच्या चार फळ्या उचकटल्या.
ओला वास, एक हरवलेला चमचा,
कोळ्याची जाळी,
आणि आडव्या तुळईच्या आतल्या अंगाला
सुतारी पेन्सिलीचा हिशोब,
एकोणीस वर्षं अंधारात कोरडा राहिलेला.
एकशे ब्याण्णव भागिले सोळा. बारा.
बाराखाली दोन रेघा, जोरात ओढलेल्या.

एकची मान मोडलेली, दोनाला शेपूट.
हे अक्षर माझ्या भावाचं. ऑरिनचं.
आणि ही चूकही त्याचीच.
शाळेतसुद्धा तो फटी मोजायचा.
कुंपणाच्या दहा फटींना दहाच खांब आणायचा,
आणि सगळ्यात आधी जो उभा असतो,
ज्याच्यापासून मोजायला लागतो आपण,
तो त्याच्या मोजणीत कधी यायचाच नाही.

मग तेरावी कुठून आणली त्याने?
मी पोटावर सरपटत शेवटपर्यंत गेलो.
बारा तुळया दुकानच्या, एकसारख्या,
काठाशी मऊ पडलेल्या, बोट आत जातं.
तेरावी वेगळी. जुना स्प्रूस, कुऱ्हाडीने तासलेला,
एका टोकाला वळचणीची खाच,
आणि बाजूला पटाशीने कोरलेला
रोमन नऊ.

आमच्या कोठाराचे वासे वडिलांनी
असे आकडे घालून चढवले होते.
ते गेल्यावर कोठार उतरवलं, वाटणी झाली,
बावीस वासे असायचे, एकवीस भरले.
नववा नव्हता.
मी सगळ्यांसमोर विचारलं, कितीला विकलास?
तो काही बोलला नाही.
कसा बोलणार? गावात त्याचं पहिलंच काम,
त्यात हिशोब एकाने चुकलेला,
आणि लीडाबाईंकडून जास्तीचे पैसे मागायची लाज.
पुढच्या मार्चमध्ये तो अल्बर्टाला गेला.
नाताळला कार्ड येतं. खाली त्याची सही
आणि बायकोने लिहिलेला मजकूर.

मी तिथेच पडून राहिलो बराच वेळ.
पाठीखाली ओल.
वरून लीडाबाई विचारत होत्या,
किती वाईट आहे रे? सगळंच काढावं लागेल का?
मी पोकर वाशात खुपसून पाहिला.
टणकन परत आला.

दुपारी ब्रिजवॉटरच्या लाकूडवखारीत
काउंटरवरच्या टोबिनने माझी यादी वाचली,
ओठ हलवत, बोटाने.
सोळा फूट, सोळा इंचांवर, आणि तुळया बारा?
काका, एक राहिली तुमची.
सगळेच विसरतात, म्हणाला, सुरुवातीची.

माहीत आहे, मी म्हटलं.
बाराच दे.