अंगठाभर

मंगळवारी बाजार भरतो, म्हणून मंगळवारीच उघडतात
हा गिल्डहॉल. चौकाच्या कोपऱ्यात
पाचशे वर्षं एका कुशीवर रेललेला,
ओकच्या तुळया राखाडी, मधला गिलावा फिका गुलाबी,
आणि अगदी दाराला खेटून मासळीवाल्याची व्हॅन.

तिकिटाच्या टेबलाशी ईनिड थर्कल. वय एक्क्याऐंशी,
स्वेटरचं एक बटण वेगळ्या रंगाचं.
"डोकं सांभाळा," म्हणाली,
"दार बुटकं नव्हतं. रस्ताच वर आलाय."

माडीवर लोकरवाल्यांची सभा भरायची ती खोली.
जमीन इतकी उतरती
की शाळेच्या सहलीतल्या एका पोराची गोटी
खिशातून पडली ती थेट खिडकीखाली जाऊन थांबली.
"तिथंच जातं सगळं," ईनिड म्हणाली.

भिंतीवर लोखंडी पट्टी, यार्डभर.
शेजारी काचेखाली दंडाची वही,
अक्षर उसवलेल्या टाक्यांसारखं.
तिनं बोट टेकवलं बरोबर तिथंच
जिथं काच आधीच बोटांनी धुरकटलीय.
'जॉन थर्कल, विणकर. दंड चार पेन्स.
एक रात्र तळघरात.'
मापात पाप, मी मनात म्हटलं.
"आमचाच," ती म्हणाली,
नातवाला मिळालेला कप दाखवावा तशी.

मग हळू आवाजात:
"यार्ड त्यानं पुरा दिला होता बरं का.
पण रीत अशी, की पट्टी संपली
की विकणाऱ्यानं पुढे अंगठा आडवा ठेवायचा
आणि अंगठ्याच्या पलीकडे कातर लावायची.
तो अंगठा त्यानं दिला नाही."

तळघरात आता घडीच्या खुर्च्या,
नाताळचे दिवे, आणि एक मोडका पंखा.
कडी मात्र तीच. मी ती उगाच हलवून पाहिली.
गार होती, आणि तेल घातलेली.

बाहेर पडताना चहा घेतला. लिंबाचा केक
ईनिडनंच केलेला, तीच कापणार.
सुरी टेकवली,
मग जराशी पलीकडे सरकली सुरी.
हात थरथरतो तिचा, मघाशी वहीवरही थरथरत होता,
तेव्हा खात्रीनं काही सांगता येत नाही.

दोन पौंड ऐंशी.
मी पाचाची नोट दिली.
उरलेले पैसे तिनं दोनदा मोजले
आणि चोख परत केले.