सकर्मक

वसमतच्या मोंढ्यामागं, हळदीच्या गिरणीवर
माझा इंग्रजीचा क्लास. पत्र्याचा जिना, सतरा पायऱ्या.
फळ्यावर सकाळी लिहिलेलं सगळं
संध्याकाळपर्यंत पिवळं पडतं.
पोरं शिंकत शिंकत काळ शिकतात.

आजचं क्रियापद: कमिट.
एम दोन, टी एक.
भूतकाळात गेलं की टी दोन होतात,
नाम झालं, कमिटमेंट झाली, की टी पुन्हा एकटा.
"असं का, सर?" मुंजाजीनं विचारलं.
तो लाइनमन. दिवसभर खांबावर,
कुठली तार कुठं जाते ते कळल्याशिवाय
त्याला चैन पडत नाही.
असतं तसं, मी म्हणालो. पाठ करा.
आणि पाठ करणं हेसुद्धा कमिटच,
शब्द आठवणीच्या हवाली करायचा.

गुन्हा करणं, कमिट.
देह अग्नीच्या स्वाधीन करणं, कमिट.
भ्रमिष्ट माणसाला इस्पितळात नेऊन सोडणं, कमिट.
कुणाला जन्माचा शब्द देणं, तेही.
शाहेदा पठाणचं पेन थांबलं.
"म्हणजे चोराला अन् नवरदेवाला, सर,
एकच क्रियापद?"
वर्ग हसला. नेमकी तेव्हाच खाली गिरणी घरघरली.

मराठीत काय म्हणायचं मग?
मराठीत शब्द देतात. दिला, म्हणजे आपल्याजवळ उरत नाही.
सुपारी फोडतात. विडा उचलतात.
शाहेदाच्या घरी जबान देतात.
"आन् आमच्या हापिसात 'बघू' म्हणतात," मुंजाजी म्हणाला,
"पोल कधी बसवायलेत, इचारलं की सायब म्हणतो, बघू."
मी डस्टर उचललं, परत ठेवलं.

लिहून घ्या: हे क्रियापद सकर्मक आहे.
काय कमिट केलं, ते सांगावंच लागतं.
आणि द्यायला दुसरं काही नसलं तर
इंग्रज स्वतःलाच कर्माच्या जागी बसवतो,
आय कमिट मायसेल्फ.
कर्ताही मी, कर्मही मीच.
इथं खडू मोडला.
आपल्याकडं कर्म म्हणजे काय काय असतं
ते सांगत बसलो नाही.

क्लास सुटला. सतरा पायऱ्या.
खाली अनुसया कऱ्हाळे घमेलं पुसत होत्या.
नऊ वर्षांपूर्वी खोली भाड्यानं देताना
त्यांनी विचारलं होतं, किती दिवस राहणार?
मी म्हणालो होतो, बघू.
पुढं एकदा, मळभाचा दिवस, गिऱ्हाईक नव्हतं,
त्यांनी दुसरंच काही विचारलं.
तेव्हाही मी तेच म्हणालो.
त्या हसल्या होत्या, तळवे पुढं करून:
"माझं काय सर, माझे हात तर रोजच पिवळे."

आज म्हणाल्या, "भाऊ नांदेडला बोलवायलाय.
मशीन इकून टाक म्हणायलाय.
खोलीचं तुमचं तुम्ही बघा."

तुम्ही बघा.
माझंच क्रियापद, आज्ञार्थ करून
माझ्या हातावर ठेवलेलं.

माझी बोटं खडूनं पांढरी, त्यांची पिवळी,
मध्ये वजनकाटा, शून्याजवळ थरथरणारा.
नऊ वर्षं याच छपराखाली वाक्यरचना शिकवली
आणि तोंडातून निघालं ते
कर्ता नाही, कर्म नाही, अर्धवट:
"नका जाऊ."

त्यांनी गिरणीचा पट्टा उतरवला,
खिळ्याला अडकवला. बराच वेळ लागला त्यांना.
"बघू," म्हणाल्या.

वर फळा पुसायचा राहिला होता.
जिना चढायला लागलो, आठव्या-नवव्या पायरीवर
मोठ्ठी शिंक आली. सगळा पत्रा वाजला.
खालून आवाज आला,
"शिंकलात का हो सर?
आता आज तर कुणालाच निघता यायचं नाही."