समासातली नोंद

नुकुआलोफाच्या धक्क्यावर रात्रभर
गोठलेल्या मटणाची खोकी उतरवून
सेमिसी घरी येतो तेव्हा कोंबडा आरवतो.
पाव, डब्यातलं मांस, चार चमचे साखरेचा चहा.
मग पडदे ओढून झोप,
जी लागत नाही.

दवाखान्यात कालोलाइने बोट टोचते,
आकडा लिहून खाली दोन रेघा मारते.
‘आणि मन?’
तो खिडकीबाहेर बघतो.
मनाला कुठे बोट असतं टोचायला.

वर्ष झालं, चर्चमध्ये तो नुसते ओठ हलवतो.

मार्चात पाळी बदलली, दिवसाची मिळाली.
भावाच्या पडीक तुकड्यात
गुडघ्यांची कुरकुर ऐकत
त्यानं अळकुड्या लावल्या, चार सरी.
नऊला डोळे मिटायला लागले, आपणहून.
साखर उतरली. फार नाही.
मटण सुटलेलं नाही,
रविवारी खातोच, बोटं चाटून.

पण परवा मागच्या बाकावरून
एक खर्ज उठला,
पहिल्या कडव्यात चाचरला,
दुसऱ्यात टिकला.
कालोलाइनेनं वळून पाहिलं नाही,
न जाणो, थांबायचा.

सोमवारी तिनं वही उघडली.
याला रकाना नव्हता.
समासात बारीक अक्षरात लिहिलं:
गायला.