पुडी

दुकान वडिलांच्या नावावर, तराजू माझ्या.
मंगळवार पेठेत, बोळाच्या तोंडाशी,
सत्तेचाळीस डबे, चौदा पोती,
आणि आस्कंद कायम दाराजवळ,
कारण सगळ्यात जास्त तोच खपतो.

मुळी मोडली की आत पांढरी, पिठूळ.
वास घोड्याच्या अंगाचा, म्हणतात.
मी घोडा जवळून हुंगला तो एकदाच, भाच्याच्या वरातीत,
तेव्हा मला आपलंच दुकान आठवलं.

लचमव्वा गज्जम दर महिन्याला शंभर ग्रॅम न्यायची.
विड्या वळून वाकडी झालेली बोटं, नखांत तंबाखू.
"झोप येईना बगा, सावकार."
मग यायला लागली. खरंच.
मालाची बाजू घेऊन सांगत नाही,
काहींना येते, काहींचं पोट बिघडतं,
काहींचा नुसताच दुधाचा खर्च.

श्रावणात ती आली आणि स्टुलावर बसलीच.
हात कापत होते. हजार वळणारी
सातशेवर अडत होती.
"छातीत माग चाललाय," म्हणाली,
"रात्रपाळीचा. बंद करणारं कुणी न्हाई."
मी म्हणालो, अशक्तपणा.
आणि आस्कंदच बांधला पुन्हा,
मूठभर जास्त,
पैसे न घेता.

सिव्हिलमध्ये डॉक्टरीणबाईंनी विचारलं म्हणे,
थायरॉइडच्या गोळीशिवाय आणखी काय घेता?
"काही न्हाई."
खोटं नव्हती बोलली.
मूळ म्हणजे काय औषध असतं?
तिसऱ्या खेपेला सुनेनं पिशवीतून
पुडी काढून टेबलावर ठेवली. माझी पुडी,
माझ्या हाताची गाठ.

गोळी जे काम करते
तेच थोडंफार ही मुळीही करते, बाई म्हणाल्या.
एका मागाला दोघं मिळून पळवतायत.

सून हे सांगायला दुकानात आली.
भांडायचं होतं, पण गिऱ्हाइकं उभी होती,
म्हणून हळू आवाजात बोलून गेली.
ओरडली असती तर बरं.

आता तराजूला हात लावण्याआधी विचारतो:
गोळ्या कसल्या चालू? थायरॉइडच्या? साखरेच्या? झोपेच्या?
मग आधी डॉक्टरला दाखवा, नंतर या.
पोटुशी आहे घरात कुणी? तिला अजिबात नको.
आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली
तर त्याच दिवशी बंद.
काविळीच्या माळेच्या नादी लागू नका,
दवाखान्यात जा, पुडी सोबत न्या,
माझं नाव सांगा, लाजू नका.

गिऱ्हाईक वैतागतं.
सात रस्त्याला हेच डबीत मिळतं,
वर घोड्याचं चित्र, कुणी काही विचारत नाही.
वडील असते तर म्हणाले असते, धंदा बुडवतोस.
पण वडील चिमटीनं मोजायचे
आणि माणसाची जीभ बघायचे, नखं बघायचे.
मी फक्त काटा बघत आलो.

दिवाळीनंतर लचमव्वा आली.
दहा रुपयांची बडीशेप.
"गोळ्या कसल्या चालू?" तोंडातून निघून गेलं.
"बडीशेपेलाबी?" ती हसली.
पुडी घ्यायला हात पुढे केला.
हात स्थिर होता.
मी बघत होतो ते तिला कळलं,
म्हणून तिनं तो
थोडा वेळ तसाच ठेवला.