कोळीण, सेक्टर चार

बाथरूमच्या दाराआड, गिझरच्या पाइपला धरून
ती उलटी लटकते.
आधी वाटलं, केस अडकलाय.
मग केसाला गुडघे दिसले.

रबाळ्याच्या कारखान्यात एकवीस वर्षं
मी बल्बच्या तारा तपासल्या.
भिंगाखाली धरायची,
जराशी वाकडी दिसली की लाल डब्यात.
कारखाना गेला. भिंग मी पर्समधून घरी आणलं,
ते कोणी परत मागितलं नाही.

स्टुलावर चढले. पाहणी लिहिते, सवय आहे:
अंग तांदळाच्या कणीएवढं, लांबट, राखी.
त्याचे दोन भाग, मध्ये कंबर.
कंबर नसती, सगळा एकच मणी असता,
तर तिचं कुळच वेगळं, जाळं न विणणारं.
पाय आठ, एकेक अंगाच्या पाच-सहा पट,
गुडघ्यांवर काळसर डाग.
डोळे आठ. तिनाचा घड इकडे, तिनाचा तिकडे,
मध्ये दोन, टाचणीनं टोचल्यासारखे.
जाळं: आरे नाहीत, चाक नाही, चिकटही नाही.
जुन्या कातीही तिथंच टांगलेल्या, वाळत घातल्यासारख्या.
शेरा, नापास.

लिहिताना कोपर लागलं जाळ्याला
आणि ती अंग फिरवू लागली,
गरगर, इतकी गरगर
की कोळीण गेली, नुसता धुरकट डाग उरला.
जागा न सोडता दिसेनासं होणं
मी आधी एकदाच पाहिलंय,
कपातीची यादी लागली त्या सकाळी,
पॅकिंगच्या टेबलांवर.

वरच्या मजल्यावरची जुई तांडेल सांगते,
मावशी, ही जगातली सगळ्यात विषारी,
फक्त तोंड छोटं म्हणून चावता येत नाही.
कोणी मोजलं? म्हटलं.
सगळेच म्हणतात.
सगळेच म्हणतात, हे माप नव्हे बाळा.
मी बोट धरून उभी राहिले वीस मिनिटं.
ती दोन इंच वर सरकली, एवढंच झालं.

दारामागच्या थोराड कोळ्याला
मी आठवडाभर चप्पल घेऊन शोधत होते.
तो तिच्या खाली सापडला, फरशीवर, पोकळ.
लांबूनच मागच्या पायांनी धागा फेकते,
फेकत राहते, पुरता बांधून होईतो,
मग जवळ जाते.
डासांचा हिशेब मी ठेवत नाही.

जुईची आजी धाकलीबाई दिव्याच्या कोळीवाड्यातली,
पाटी उतरवून पाय धुवायला आली, वर बघून हसली.
"ही त आमचीच गो.
जाल्याला रीत नाय, पन म्हावरा गावतंय."
खाडीत आता किती गावतं, ते मी विचारलं नाही.
ती पाय धूत राहिली बराच वेळ.

मार्चात तिच्या तोंडात अंडी दिसली,
भिजल्या साबुदाण्याची पुरचुंडी,
चार-दोन धाग्यांत कशीबशी आवळलेली.
तोंड भरलेलं, मग खाणार कशी?
डास येऊन अडकला, फडफडला,
ती पाहत होती की नव्हती, कळायला मार्ग नाही.
असे अठरा दिवस.

सोसायटीची फवारणी नेमकी तेव्हाच आली.
फैयाज डबा पाठीला लावून दारात उभा,
कोपरे झाडून देतो म्हणाला, फुकटात.
बाथरूम नको.
मग लिहून द्या मॅडम, नंतर तक्रार येते.
त्याच्या वहीत मी सही केली,
बाथरूम वगळले.
माझ्या सहीनं आजवर वस्तू बाहेरच गेल्या होत्या.
खाली तारीखही घातली, नीट अक्षरात.

परवा अंडी फुटली. मोजली, तेवीस.
आईच्याच पायांवर, पायांभोवती,
इतकी बारीक, की दिवा लावला की दिसत नाहीत,
विझवून खिडकी उघडली तर दिसतात.
काल सतरा.
सहा कुठे गेली, पाइपामागे की भावंडांच्या पोटात,
ते पाहणीत येत नाही.

भिंग पुसून पुन्हा चढले.
प्रत्येकीला गुडघे आहेत.