किरकोळ

मगदूम ब्रदर्स. लक्ष्मीपुरीत एक, राजारामपुरीत एक,
आणि कसबा बावड्यातलं नवं, अजून रंगाचा वास येणारं.
पाटीवर खाली बारीक अक्षरांत : घाऊक व किरकोळ.
एकोणीस वर्षं मी इथल्या वह्या लिहिते.

बिस्किटवाल्या कंपनीचं पत्र आलं,
तुमच्या धंद्यातून हवेत कार्बन किती जातो, कळवा.
पहिल्या वर्षी हातानंच कळवला.
वीजबिलं तारेला ओवलेली,
डिझेलच्या पावत्या खिशातल्या घामानं पुसट,
एक तर मिसळीच्या कटानं लालभडक.
कॅल्क्युलेटरचा आठ दाबला की दोनदा उमटायचा.
त्या वर्षी आमचा धूर किती, देव जाणे.

मग मालकांचा पुतण्या श्रेणिक सॉफ्टवेअर घेऊन आला.
"मावशी, पावतीचा फोटो काढायचा. बास."
काढते. कोपऱ्यात माझा अंगठा येतो,
तेवढा सोडून यंत्र सगळं वाचतं :
लिटर, युनिट, तारीख,
आणि टेम्पोचा रस्ता नकाशावर
निळ्या दोऱ्यानं धावदोरा घालत जातं.

दोरा तावडे हॉटेलपाशी रोज गाठ मारतो.
"बघा," मालक म्हणाले, "इंजिन चालू ठेवून चहा पितो.
सगळा धूर ह्या बळभीमचा."
बळभीम दारातच उभा, पायताण बाहेर.
"बंद केली की परत लागत न्हाई ओ गाडी. स्टार्टर गेलाय.
तीनदा सांगितलंय मावशींना."
सांगितलं होतं. मी लिहूनही ठेवलंय.

शेवटच्या पानावर यंत्रानं विचारलं :
फ्रीझरमध्ये गॅस भरला का? किती किलो?
रिकामी चौकट, आत लुकलुकणारी एक काडी.
टाळून पुढं जायला बघितलं. जाऊ देईना.

मग माझीच वही काढली.
फेब्रुवारी, राजारामपुरी, आइस्क्रीमचा फ्रीझर, गॅस दीड किलो.
मे, पुन्हा दीड.
सप्टेंबर, पुन्हा.
मेकॅनिक नझीरची सही, शेजारी माझं वळणदार अक्षर :
किरकोळ दुरुस्ती.
मागच्या वर्षीही. त्याच्या मागच्याही.
जो गॅस भरला तो गेला कुठं,
हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.
पैसे जुळत होते.

साडेचार टाइप केलं.
पडद्यावरची गोल भाकरी हलली, पुन्हा थापली गेली.
विजेचा तुकडा मोठा होताच.
त्याच्या शेजारी आता हा, टेम्पोच्या तिप्पट.
"धूर तर दिसत नाही," मालक म्हणाले.
"दिसत नाही, वासही नाही," श्रेणिक म्हणाला,
"एक किलो गळला की दीडेक हजार लिटर डिझेल जाळल्यासारखं."
बळभीम काही बोलला नाही.
भाकरीतला आपला तुकडा बघत राहिला,
चतकोराहून लहान.

मालकांनी नझीरला फोन लावला : भरू नकोस, गळती शोध.
मग माझ्याकडे न बघता,
"त्याचा स्टार्टर पण घ्या करून."

व्हाउचर करायला बसले.
खर्चाचा प्रकार निवडा, यंत्र म्हणालं.
वरून खाली, खालून वर,
यादी दोनदा बघितली.
किरकोळ कुठंच नव्हतं.